मेरुरज्जूचे प्रतिमादर्शन : काय दिसते आणि काय दिसत नाही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत आणि ते मराठीतून शिकवीत. इंदुरात चारी बाजूंनी हिंदी कानांवर पडत असताना तरंग, वारंवारता, अपवर्तन हे शब्द आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले. जी गोष्ट आपल्या भाषेत सांगता येत नाही ती आपल्याला पुरती समजलेली नाही असे समजावे, हे त्यांचे नेहमीचे सांगणे. म्हणून आयुष्यभर मराठी गद्य आणि जुन्या पोथ्यांचे पाठभेद यांत रमलेल्या माझ्यासारख्या माणसाने या व्यासपीठावरून वैद्यकातील एक विषय मांडला, तर त्यात अप्रस्तुत काही नाही असे मी मानतो.

या विषयाकडे वळण्याचे कारण अगदी साधे आहे. आमच्या तुकडीचे स्नेहसंमेलन भरले की हल्ली पहिल्या तासाभरातच कोणाच्या तरी पिशवीतून एक मोठा पांढरा लिफाफा बाहेर येतो. त्यात काळ्या फिल्मा असतात आणि दोन पानांचा इंग्रजी अहवाल असतो. "तू प्राध्यापक ना, मग वाचून सांग," असा आग्रह होतो. मी वैद्य नव्हे, आणि उपचाराविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु अहवाल हीदेखील एक संहिता आहे. तिची भाषा कोठून आली, ती चित्रे कशी निघतात आणि त्यांतून काय वाचावे, काय वाचू नये, एवढे सांगण्याचा प्रयत्न करता येईल.

प्रथम शब्दांची थोडी साफसफाई करू. आपण घरात म्हणतो, "मणक्यात गॅप आला," "गादी सरकली," "शीर दबली." यांतली गादी म्हणजे दोन मणक्यांमधली कूर्चेची चकती. ती गादीसारखी सबंध सरकत नाही. तिचे बाहेरचे कडे सैल होते किंवा फाटते आणि आतला मऊ गर बाहेरच्या बाजूला येतो. शीर हा शब्द मूळचा रक्तवाहिनीचा. येथे दबते ती रक्तवाहिनी नसून चेतातंतूंची जुडी असते, तिला मी चेतामूळ म्हणेन. कण्याच्या पोकळीतून जाणाऱ्या दोराला कोणी मज्जारज्जू म्हणतात, कोणी मेरुरज्जू. मज्जा हा शब्द आयुर्वेदात हाडाच्या आतल्या धातूसाठी रूढ असल्यामुळे पहिल्या नावाने घोटाळा होतो. म्हणून मी मेरुरज्जू हाच शब्द वापरतो.

हा रज्जू प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मेंदूच्या बुडाशी सुरू होऊन तो कण्याच्या पोकळीतून खाली उतरतो. पण शेवटपर्यंत जात नाही. गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्यात रज्जू आणि कणा यांची लांबी सारखी असते. पुढे कणा भराभर वाढतो आणि रज्जू मागे पडतो. परिणामी प्रौढपणी रज्जूचे टोक कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच थांबलेले असते. त्यातून चेतामुळांच्या ३१ जोड्या निघतात, आणि प्रत्येक जोडीला कण्यातल्या आपापल्या नियत खिडकीतून बाहेर पडायचे असते. त्यामुळे वरच्या जोड्या जवळजवळ आडव्या जातात, मधल्या तिरप्या उतरतात, आणि अगदी खालच्या मुळांना रज्जू संपल्यावरही वीतभर खाली प्रवास करावा लागतो. त्यांचा जो झुबका खाली लोंबतो त्याला शरीरशास्त्रज्ञांनी लॅटिनमध्ये 'घोड्याची शेपटी' असे नाव दिले. आपण अश्वपुच्छ म्हणू. या सर्वांभोवती तीन आवरणे आणि आतल्या दोन आवरणांमध्ये नितळ पाण्यासारखा द्रव असतो. मेंदू आणि कणा मिळून हा द्रव अवघा १५० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे एका लहान पेल्याइतका भरतो.

हाडाच्या नळीत, पाण्यात बुडालेली ही मऊ वस्तू जिवंतपणी पाहायची कशी, हा प्रश्न. त्याची सर्व उत्तरे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली आहेत.

कोणतेही चित्र नसताना काय करीत, हे पाहण्यासारखे आहे. १८८७ साली लंडनमध्ये विल्यम गॉवर्स या वैद्याकडे एक लष्करी अधिकारी आला. पाठीत वरच्या बाजूस असह्य कळा आणि दोन्ही पाय लुळे. गॉवर्स यांनी कळ कोठून कोठे फिरते, स्पर्श कोणत्या रेषेपासून खाली नाहीसा होतो, कोणते स्नायू निकामी झाले आहेत, एवढ्यावरून ताडले की रज्जूवर अमुक उंचीवर काहीतरी दाब आहे. व्हिक्टर हॉर्स्ली या शल्यवैद्यांनी तेथे पाठ उघडली. काही मणक्यांच्या कमानी काढल्या, गाठ दिसेना. आणखी वर जाऊन पाहिले, आणि गाठ सापडली. रुग्ण पुढे पुन्हा चालू लागला. मेरुरज्जूवरील गाठ काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. गाठ अपेक्षेपेक्षा वर का निघाली, याचे उत्तर वर सांगितलेल्या तिरप्या मुळांत आहे : मूळ जेथे रज्जूतून निघते ती जागा, ते ज्या खिडकीतून बाहेर पडते तिच्यापेक्षा उंच असते. चित्राविना केवळ शरीराची साक्ष काढून इतके जवळ पोहोचता येत होते, ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

१८९५ च्या नोव्हेंबरात व्युर्झबुर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. या शोधाचे त्यांनी स्वामित्वहक्क घेतले नाहीत, आणि त्यामुळे तो काही महिन्यांत जगभर पसरला. क्ष-किरणांना जड अणू अडवतात. हाडात कॅल्शियम असल्यामुळे हाडाची सावली पडते. परंतु रज्जू, चेतामुळे, चकती आणि तो द्रव यांची घनता एकमेकांच्या इतकी जवळ आहे की क्ष-किरणांना त्यांच्यात भेदच दिसत नाही. म्हणजे घराच्या भिंती दिसू लागल्या, पण घरात कोण आहे ते कळेना. ही अडचण आजही तशीच आहे. कंबरेच्या साध्या क्ष-किरण चित्रात जो 'गॅप' दाखवतात, तो चकतीच्या जागी दिसणारी मोकळी पट्टी अरुंद झाली, एवढाच असतो. चकती स्वतः त्यात दिसत नाही, आणि चेतामूळ तर मुळीच नाही.

आतली वस्तू दिसत नसेल तर तिच्याभोवतीच्या पाण्याला रंग द्यावा, म्हणजे ती वस्तू त्या रंगात पडलेल्या खाचेसारखी उमटेल, ही पुढची कल्पना. द्रवापर्यंत सुई पोहोचवण्याचा मार्ग जर्मनीत क्विंके यांनी १८९१ मध्येच दाखवला होता. रज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, अश्वपुच्छाच्या प्रदेशात सुई घातली की मुळे पाण्यात बाजूला सरतात आणि इजा होत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी १९१८-१९ मध्ये द्रवाच्या जागी हवा भरून चित्रे घेतली. हवा किरणांना अडवीत नाही, म्हणून ती काळी दिसते. पद्धत चतुर होती. रुग्णाचे डोके मात्र भयंकर दुखे.

पॅरिसमध्ये सिकार आणि त्यांचे शिष्य फोरेस्टिए हे आयोडीनयुक्त तेल कंबरदुखीवरील उपचार म्हणून आवरणाबाहेर टोचीत असत. ते तेल खसखशीचे होते. आपल्या माळव्यात, मंदसौर-नीमचच्या बाजूला ज्यांनी अफूची शेते पाहिली आहेत, त्यांना हे ऐकून मौज वाटेल. असे सांगतात की एकदा सुई थोडी पुढे गेली, तेल थेट द्रवात उतरले, आणि रुग्णाला अपाय तर झाला नाहीच, उलट पडद्यावर ते तेल खाली खाली ओघळताना दिसले. १९२१-२२ च्या सुमाराचा हा प्रकार. आयोडीनचा अणू जड, म्हणून सावली गडद पडते. तेल द्रवाहून जड, म्हणून ते उताराकडे वाहते. रुग्णाला तिरक्या होणाऱ्या फळीवर बांधून फळी कलती करायची आणि तेल कोठे अडते ते पाहायचे. जेथे अडले, तेथे अडथळा. या तपासणीला मायलोग्राफी हे नाव पडले. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी पायातल्या त्या सुप्रसिद्ध कळेचे, ज्याला आपण सायटिका म्हणतो, एक मोठे कारण फाटलेली चकती हे आहे असे दाखवून दिले, तेव्हापासून या तपासणीची मागणी फार वाढली.

१९४४ पासून जुन्या तेलाऐवजी जरा पातळ असे दुसरे आयोडीनयुक्त द्रव्य आले. आपल्याकडे ते मायोडिल या नावाने परिचित होते. मी स्वतः त्याचा अनुभव घेतला आहे. १९७९ साली, तिशीत, उजव्या पायात असह्य कळ येऊ लागली म्हणून एका मोठ्या रुग्णालयात माझी ही तपासणी झाली. पालथे निजवले, कंबरेत सुई घातली, खांद्यांना आधार देऊन फळी डोक्याकडे कलती केली. अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर काळसर खांब सरकत होता, आणि एका ठिकाणी त्याच्या कडेला कोणी दाताने कुरतडावे तशी खाच होती. मुळाभोवतीच्या आवरणाची बाही तेथे भरत नव्हती. एवढेच ते दर्शन. चकती दिसली नाही, मूळ दिसले नाही, फक्त त्यांनी तेलात पाडलेली उणीव दिसली. नंतर त्याच सुईने तेल ओढून काढायचे असते. ते सगळे निघत नाही. काही थेंब आत राहिले, आणि माझ्या कंबरेच्या क्ष-किरण चित्रात ते मोत्यांसारखे आजही दिसतात. मला त्यांचा त्रास झाला नाही. पण अशा उरलेल्या तेलामुळे आवरणांना सूज येऊन मुळे एकमेकांना चिकटण्याचा विकार जगभर अनेकांना जडला, आणि त्यामुळेच हे द्रव्य पुढे मागे पडले.

पाण्यात मिसळणारी आणि शरीराबाहेर आपोआप निघून जाणारी द्रव्ये शोधणे चालूच होते. परंतु ती चेतातंतूंना झोंबत. येथे स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन यांची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. त्यांना पोहण्याचा नाद होता. देशाच्या पश्चिमेकडच्या खाऱ्या समुद्रात डोळे उघडले की झोंबतात, पूर्वेकडच्या कमी खाऱ्या बाल्टिक समुद्रात तितके झोंबत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले, असे सांगतात. औषधाचा झोंबरेपणाही त्यातल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असला पाहिजे. तेव्हा पाण्यात विरघळल्यावर ज्याचे विद्युतभारित तुकडे पडत नाहीत असे आयोडीनयुक्त द्रव्य करावे, असा विचार त्यांनी १९६९ च्या सुमारास मांडला. त्यातून १९७० च्या दशकात पहिले असे द्रव्य आणि पुढच्या दशकात त्याहून सौम्य द्रव्ये निघाली. आजही क्वचित मायलोग्राफी करावी लागते, ती याच जातीच्या द्रव्यांनी.

सीटी स्कॅनविषयी थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे चित्र काढले. ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरण अनेक दिशांनी पाठवून, गणिताने शरीराचा आडवा छेद उभा करायचा, हे त्याचे तत्त्व. हाउन्सफील्ड यांच्या मापात पाणी ०, हवा उणे १०००, घट्ट हाड हजाराच्या आसपास. कण्यातला द्रव ० ते १५ आणि रज्जू ३० ते ४० च्या घरात. एवढ्या अल्प फरकावर रज्जूचे स्पष्ट चित्र उठत नाही. म्हणून हाड मोडले आहे का, खिडकी हाडाच्या वाढीने अरुंद झाली आहे का, हे पाहायला सीटी उत्कृष्ट. रज्जूच्या आतले पाहायला नव्हे. द्रवात रंगद्रव्य घालून सीटी केला तर मुळे मात्र सुरेख दिसतात.

आता एमआरआय. यात क्ष-किरण नाहीत. शरीरात पाणी मुबलक, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचे केंद्रक हा एक सूक्ष्म चुंबक. यंत्राच्या बोगद्यात नेहमीच्या १.५ टेस्ला चुंबकाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट असते. त्यात हे केंद्रकचुंबक काही क्षेत्राच्या दिशेने, काही उलट उभे राहतात. दिशेने उभे राहणारे दर दहा लाखांत जेमतेम पाच जास्त असतात. सारे चित्र या पाचांवर चालते. मग ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडतात. आपण एफएमवर ज्या लहरींवर गाणी ऐकतो त्यांच्या जवळच्याच या लहरी. केंद्रके त्या लहरींशी सूर जुळवतात, कलतात, आणि लहर थांबली की पूर्वस्थितीला येताना स्वतः क्षीण लहर सोडतात. या मूळ घटनेसाठी ब्लॉक आणि पर्सेल यांना १९५२ मध्ये नोबेल मिळाले होते. पण लहर शरीराच्या कोणत्या बिंदूतून आली हे कसे ओळखायचे? अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे चढते ठेवले, म्हणजे प्रत्येक जागेचा सूर वेगळा झाला. पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र काढून त्यांनी १९७३ मध्ये ते प्रसिद्ध केले. 'नेचर' नियतकालिकाने तो लेख आधी परत पाठवला होता. ब्रिटनचे पीटर मॅन्सफील्ड यांनी हे काम वेगाने करण्याचे गणित दिले, आणि दोघांना २००३ चे नोबेल मिळाले.

लॉटरबर यांनी आपल्या पद्धतीला 'झ्यूग्मॅटोग्राफी' असे नाव ठेवले होते, ते टिकले नाही. भाषेच्या विद्यार्थ्याला मात्र ते फार आवडावे. झ्यूग्मा म्हणजे ग्रीक भाषेत जोखड. दोन क्षेत्रे एका जोखडाला जुंपली म्हणून हे नाव. आणि हा शब्द आपल्या योग, युग आणि बैलाच्या मानेवरचे जू यांचा सख्खा चुलतभाऊ आहे. केंद्रकीय हा शब्दही पुढे नावातून गळला; अणुबाँबच्या आठवणीने रुग्ण बिचकतील असे वाटले असावे.

एमआरआयचे खरे सामर्थ्य असे की एकाच जागेची निरनिराळ्या प्रश्नांनी निरनिराळी चित्रे काढता येतात. आमच्या पोथ्यांच्या अभ्यासात एका ग्रंथाच्या दोन प्रती शेजारी ठेवून वाचाव्या लागतात, तसे येथे आहे. टी-१ नावाच्या चित्रात चरबी उजळ आणि द्रव काळा. टी-२ मध्ये द्रव शुभ्र. टी-२ वर शुभ्र द्रवात करडा रज्जू आणि त्याखाली अश्वपुच्छाचे धागे स्पष्ट दिसतात. सुई न टोचता मायलोग्राम झाला म्हणा ना. रज्जूच्या आत सूज असेल तर तेथे पांढरा डाग उमटतो. तिसऱ्या प्रकारात चरबीची चमक दाबून टाकतात, मग हाडाच्या मगजातली सूजही उठून दिसते. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिले तर गाठ, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रियेनंतरचा व्रण यांतला फरक कळायला मदत होते. मूत्रपिंड निकामी असणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगावी. २०११ मध्ये माझा एमआरआय झाला, तेव्हा टी-१ वर चमकणारे आणि टी-२ वर काळे पडणारे काही ठिपके पाहून तेथील तरुण डॉक्टर विचारात पडले. चरबी म्हणावी तर तेथे ती असायला नको. मायोडिल, असे मी सांगितले. त्यांनी ते नाव फक्त पुस्तकात वाचले होते.

आता त्या लिफाफ्यातल्या अहवालाकडे येऊ. त्यात 'बल्ज', 'प्रोट्रूजन', 'एक्स्ट्रूजन', 'सीक्वेस्ट्रेशन' असे शब्द असतात. हे चढत्या क्रमाचे शब्द आहेत : चकती सर्व बाजूंनी थोडी फुगली, एका ठिकाणी रुंद बुडाचा फुगवटा आला, गर कडे फाडून बाहेर आला, त्याचा तुकडा सुटून वेगळा झाला. 'इंडेंटिंग द थीकल सॅक' याचा अर्थ द्रवाच्या पिशवीला टेकून तिला किंचित खळगा पाडला. ऐकायला हे सारेच भयंकर वाटते. पण पुढील आकडे पाहा. १९९४ मध्ये अमेरिकेत ज्यांची पाठ कधी दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एमआरआय काढून तपासले. त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीत बल्ज आणि २७ टक्क्यांच्या चकतीत प्रोट्रूजन निघाले. सर्व चकत्या निर्दोष फक्त ३६ टक्क्यांच्या. एक्स्ट्रूजन मात्र १ टक्काच. त्याआधी १९९० मध्ये झालेल्या अशाच तपासणीत साठीपुढच्या निरोगी माणसांपैकी ५७ टक्क्यांच्या चित्रांत दोष आढळला होता. २०१५ मध्ये ३३ अभ्यास आणि ३,११० निरोगी माणसे एकत्र धरून जो आढावा घेतला गेला, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. 'डीजनरेटिव्ह चेंजेस' हा शब्द वाचून आमचा एक वर्गमित्र तीन रात्री झोपला नाही. मी त्याला म्हटले, अरे, हे तुझ्या पिकलेल्या केसांचे इंग्रजी आहे.

याचा अर्थ चित्र निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. अर्थ असा की चित्रातला दोष आणि शरीराची तक्रार यांचा मेळ बसला पाहिजे. येथे गॉवर्स यांची पद्धत पुन्हा उपयोगी पडते. समजा, कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती मध्याच्या जरा उजवीकडे फुगली आहे. त्या पातळीवर चौथे मूळ वरूनच खिडकीबाहेर निसटलेले असते. पाचवे खाली उतरत असते आणि चेपले जाते तेच. अहवालात 'एक्झिटिंग' म्हणजे तेथून बाहेर पडणारे, 'ट्रॅव्हर्सिंग' म्हणजे पुढे जाणारे मूळ, असा भेद याच कारणाने करतात. पाचवे मूळ दबले तर कळ नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागाकडे जाईल आणि अंगठा वर उचलायला जोर लागणार नाही. त्याच्या खालचे, त्रिकास्थीतले पहिले मूळ दबले तर पावलाची बाहेरची कड बधिर होईल आणि टाचेवरचा प्रतिक्षेप जाईल. चौथ्याचा गुडघ्याशी संबंध. आता उजवा फुगवटा चित्रात असेल आणि कळ डाव्या पायात येत असेल, तर त्या फुगवट्याला दोष देऊन चालणार नाही. रुग्णाला तपासण्याआधी फिल्म प्रकाशावर धरणारा आणि तपासल्यानंतर धरणारा, यांना एकच फिल्म दिसत असली तरी ते ती सारखी वाचीत नाहीत. आपल्याला कोणी चित्रावरून थेट शस्त्रक्रिया सुचवली, तर "या दोषाचा माझ्या पायाशी मेळ कसा बसतो, ते समजावून सांगाल का?" असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. पुन्हा पुन्हा घेतलेल्या एमआरआयमधून आणखी एक गोष्ट कळली आहे : बाहेर आलेला गर बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो, आणि सुटलेला मोठा तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा अधिक वेळा नाहीसा होतो. अहवालातला भारी शब्द आणि पुढचे भवितव्य यांचे प्रमाण असे व्यस्तही असू शकते.

उलट काही प्रसंगी एमआरआयला पर्याय नाही. आपल्या देशात कण्याचा क्षय अजून दुर्मीळ झालेला नाही. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णिलेला हा विकार साध्या क्ष-किरण चित्रात दिसू लागतो तोवर हाडाचा बराच भाग खाल्लेला असतो. एमआरआयमध्ये मगजातली सूज आणि पू त्याच्या कितीतरी आधी दिसतो, आणि औषधांनीच रुग्ण बरा होण्याची शक्यता वाढते. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री जाग आणणारी कळ, पूर्वी झालेला कर्करोग, चालताना पाय अडखळणे, यांपैकी काही असेल तर चित्र लवकर हवे.

यंत्राविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. त्याचे चुंबक बटण दाबून बंद होणारे नसते; उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये ते अहोरात्र जागे असते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे लोखंडी नळकांडे घेऊन खोलीत गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक अशा अपघातात प्राणास मुकला. तेव्हा आत जाताना केसांतल्या आकड्यापासून साडीच्या टाचणीपर्यंत सारे बाहेर ठेवावे. मंगळसूत्राचे सोने ओढले जात नाही, तरी तेही काढायला सांगतात. त्याचा राग मानू नये. हृदयात पेसमेकर असेल तर त्याचे कार्ड सोबत न्यावे. काही नव्या पेसमेकरना विशिष्ट काळजी घेऊन ही तपासणी चालते, जुन्यांना बहुधा नाही, आणि अशा वेळी सीटी मायलोग्राफीचा आधार घेतात. बोगद्यात जीव गुदमरतो असे ज्यांना वाटते त्यांनी तसे आधीच सांगावे. आवाज मोठा होतो. तो बिघाडाचा नव्हे, चढते क्षेत्र वारंवार बदलणाऱ्या वेटोळ्यांचा असतो.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिच्यात दिरंगाई चालत नाही. चकतीचा मोठा तुकडा कधी थेट अश्वपुच्छावर पडतो. मग दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा येतो. घोड्यावर बसताना खोगिराला टेकणारा जो भाग, मांड्यांच्या आतली बाजू आणि गुदद्वाराभोवतीची कातडी, तो बधिर होतो. लघवी तुंबते, किंवा झालेली कळत नाही. ही लक्षणे सांगायला आपल्याकडे माणसे लाजतात, विशेषतः घरातल्या स्त्रिया आणि वडीलधारी मंडळी, आणि दोन दिवस कंबर शेकण्यात जातात. या अवस्थेत एमआरआय त्याच दिवशी व्हावा लागतो, रात्र असली तरी. आणि दाब दिसला तर शस्त्रक्रियाही लगेच करावी लागते, नाहीतर मूत्राशयावरचा ताबा कायमचा जाण्याचा धोका असतो. रुग्णालयात गेल्यावर नुसते "कंबर दुखते" असे म्हणू नये. लघवी शेवटची केव्हा झाली, बसण्याच्या जागी स्पर्श कळतो की नाही, आणि हे केव्हापासून, या तीन गोष्टी कोणी न विचारता आधी सांगाव्यात.